डावा कोपरा

विंझरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी टेकलेली एक वाडी आहे. तिथली अंगणवाडी नूतन चालवते. खिचडी खाऊन झाली की पोरांचं लक्ष उडतं, एकेक जण दाराकडे सरकायला लागतो. नूतन जागची उठत नाही. बसल्या बसल्या हात लांब करते आणि पळणाऱ्याचा घोटा अलगद धरते. पोर पडत नाही, रडत नाही. नुसतं थांबतं आणि वळून बाईंकडे बघतं. एकदा तपासणीला आलेल्या मॅडमनी हे पाहिलं आणि हसून विचारलं, "हे कुठं शिकलात?"

"आंबवड्याला," नूतन म्हणाली.

आंबवडे हे तिचं माहेर. तिथल्या शाळेत मुलींचा कबड्डीचा संघ होता आणि त्या संघाचा डावा कोपरा नूतनचा होता. चढाईला आलेली मुलगी कितीही दांडगी असो, तिचा पाय एकदा का नूतनच्या हाताच्या टप्प्यात आला की सुटत नसे. भोरच्या मैदानावर त्यांनी तालुका जिंकला, पुण्याला जाऊन जिल्ह्याच्या दोन फेऱ्याही खेळल्या. वडील गेनबा शेतातलं काम टाकून प्रत्येक सामन्याला हजर असायचे, आणि घरी आल्यावर मात्र म्हणायचे, "गुडघं फोडून घेतलंस, आता तुला कोन करंल?" एकोणिसाव्या वर्षी नूतनला कुंडलिकने करून घेतलं. बस्त्यात कबड्डीचा विषय कुणी काढला नाही, आणि ती या वाडीत आली.

सासरी एकीनेच तिला खेळाबद्दल विचारलं. ती थोरली जाऊ, रत्ना. कुंडलिकचा मोठा भाऊ हनुमंत, त्याची बायको. चौथीतून शाळा सुटलेली, उंचीला थोडी कमी पण हाडापेरानं भक्कम बाई. पहिल्याच सुगीत, भात झोडून झालं, माणसं पोती घेऊन घराकडे गेली आणि खळ्यात दोघीच राहिल्या, तेव्हा रत्ना पेंढ्यावर पाय रोवून उभी राहिली.

"तू लई खेळायचीस म्हनं. मला दाव की."

नूतनने आधी आजूबाजूला बघितलं. मग पदर खोचला. साखळी कशी धरायची ते तिने दाखवलं. कबड्डीत चढाई करणारीला घेरायचं तर दोघी-दोघींनी हाताला हात धरून हलायचं असतं, त्याला साखळी म्हणतात. "आक्का, बोटात बोटं नाय अडकवायची, मोडत्यात. मनगट धरायचं. आनि म्या सरकले की तुमी सरकायचं, वाट नाय बघायची." रत्ना वाट न बघता अशी सरकली की दोघी पेंढ्यात आडव्या झाल्या. सासू फुलाबाई पाणी घेऊन आली तेव्हा दोघींच्या केसांत पेंढा आणि डोळ्यांत पाणी, हसून हसून. त्यानंतर दर सुगीत हा खेळ होऊ लागला. बारा वर्षं.

मग सासरे गेले आणि भावांच्या वाटण्या झाल्या. घराच्या मधोमध भिंत उभी राहिली. फुलाबाई एक महिना भिंतीच्या अलीकडे आणि एक महिना पलीकडे राहू लागली. इथवर सगळं सरळ होतं. घरोघर असंच होतं. पण बांधावर एक रायवळ आंबा होता, तो नेमका कुणाच्या हद्दीत यावरून दोघे भाऊ हमरीतुमरीवर आले आणि एका सकाळी हनुमंतने आंब्याला कुऱ्हाड लावली. झाड भलत्या अंगाला पडू नये म्हणून फांदीला बांधलेला दोर रत्नाने ओढून धरला होता. नूतन अंगणवाडीतून धावत आली तोवर आंबा आडवा झालेला. तिने हनुमंतला काही म्हटलं नाही. दिराशी असं बोलायची रीत नव्हती. ती रत्नावर ओरडली. साऱ्या वाडीच्या देखत ओरडली, "दोर धरनारं हात मोडतील, बघा!"

रत्नाने दोर खाली टाकला आणि घरात निघून गेली. त्या दिवसापासून दोघी बोलेनाशा झाल्या.

तीन महिन्यांनी, भाताच्या लावणीत, खाचराच्या बांधावरून रत्नाचा पाय घसरला. ती डाव्या हातावर पडली आणि मनगट मोडलं.

नूतनला ही बातमी अंगणवाडीत कळली. पोरांना खिचडी वाढता वाढता तिच्या हातातला डाव तसाच राहिला. ती शिकलेली बाई होती, शापाबिपांवर तिचा विश्वास नव्हता, गरोदर बायकांना ती स्वतःच सांगायची की असलं काही मनात आणू नका. पण त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. रत्नाच्या घरात तेव्हा दुसरी बाई नव्हती, फुलाबाई नूतनकडे होती. सहा आठवडे हात गळ्यात. त्या सहा आठवड्यांत नूतनने रोज सकाळी चार भाकरी जास्त थापल्या, फडक्यात बांधल्या आणि फुलाबाईच्या हाती दिल्या. "तुमीच केल्या म्हनून सांगा. माझं नाव काडलंत तर माझी आन हाय तुमाला." फुलाबाई मान हलवायची आणि भिंतीला वळसा घालून जायची.

हात बरा झाला, पण हाड किंचित वाकडं जुळलं. नूतनला ते लांबूनही दिसायचं. बोलणं मात्र झालं नाही. एकदा मोडलेलं बोलणं कसं जोडायचं ते दोघींनाही ठाऊक नव्हतं. भावांमुळे भावकीचे दोन तट पडले, तटांमुळे वाडीत महिला मंडळंही दोन झाली. संक्रांतीचं हळदीकुंकू दोन ठिकाणी व्हायला लागलं. अशी सात वर्षं गेली.

मग मार्गासनीला महिला दिनानिमित्त बायकांच्या कबड्डीचे सामने ठरले. वयाची अट नाही, फक्त संघ सात जणींचा हवा. वाडीतल्या दोन्ही मंडळांनी हट्टाने आपापला संघ नोंदवला. नूतनच्या मंडळाने हिरव्या साड्या ठरवल्या, तर रत्नाच्या मंडळाने पिवळ्या. कबड्डी येणारी बाई अख्ख्या वाडीत एकच होती, पण पिवळ्या बायका तिच्याकडे शिकायला येणं शक्यच नव्हतं.

आणि नेमका त्याच दिवशी वाडीतल्या एका मुलीचा साखरपुडा ठरला. साखरपुडा दोन्ही तटांच्या सोयऱ्यांत होता, त्यामुळे त्याने दोन्ही संघ सारखेच कापले. मार्गासनीच्या मैदानावर टेम्पोतून उतरल्या त्या तीन हिरव्या आणि दोन पिवळ्या. हिरव्यांत नूतन, नव्यानेच लग्न होऊन आलेली अश्विनी आणि आणखी एक. पिवळ्यांत रत्ना आणि तिची शेजारीण. फुलाबाई त्या महिन्यात रत्नाकडे होती म्हणून पिवळ्यांबरोबर आली होती, पण उतरल्यावर ती दोन्हींच्या मधोमध जाऊन बसली.

कार्यक्रमाचा माईक इंद्रजित नावाच्या तरुण कार्यकर्त्याकडे होता. तो घामाघूम होऊन फिरत होता. आठ संघ नोंदलेले, पण पुरे आले होते पाचच. भोरहूनही एक संघ यायचा होता, शिक्षिकांचा. त्यातल्या पाच जणींना परीक्षेच्या कामाला बोलावलं, आणि आल्या दोघीच: सुहासिनी मॅडम आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी श्रावणी. निळे टी-शर्ट, पायात बूट.

इंद्रजितने बोटांवर मोजलं. "तीन, दोन आनि दोन. सात होत्यात की! काकू, तुमी सगळ्या मिळून एकच संघ करा ना. सहावा संघ झाला की माझं गनित बसतंय."

हिरव्या पिवळ्यांकडे बघेनात, पिवळ्या हिरव्यांकडे. सुहासिनी मॅडमना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या उत्साहाने पुढे झाल्या. "अहो, छानच की! आम्ही दोघी एवढ्या लांबून आलोय, नुसतं बघून कसं जाणार? मी कॉलेजात खेळलेय, पण त्याला झाली पंचवीस वर्षं. तुमच्यापैकी कुणाला नीट येतं?"

रत्ना मैदानाकडे बघत, जणू मैदानालाच सांगत असल्यासारखी म्हणाली, "हिला येतं."

नूतनने मान वर केली. सात वर्षांत रत्नाने तिच्याबद्दल उच्चारलेला हा पहिला शब्द होता. तिच्याशी नसला तरी तिच्याबद्दल.

"संघाचं नाव काय लिहू?" इंद्रजितने विचारलं.

"लिव्ह, सरमिसळ," फुलाबाई बसल्या जागेवरून म्हणाली.

लाऊडस्पीकरवरून "सरमिसळ संघ, वाडी आणि भोर" असं पुकारलं गेलं तेव्हा मैदानाभोवतीची माणसं हसली. पण नूतनला हसू आलं नाही. ती मनात जागा लावत होती. मुलगी चपळ आहे, ती चढाईला. मॅडम मधे. अश्विनी उजव्या कोपऱ्यात, तिचे पाय लांब आहेत. आणि डाव्या कोपऱ्यात मी. माझ्या शेजारी? साखळीत जी हात धरेल तिने न सांगता सरकायला हवं, आणि अशी या सात जणींत एकच होती. बारा सुग्या सराव झालेली.

"आक्का," नूतन म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "तुमी माझ्या उजव्या अंगाला ऱ्हावा."

रत्ना येऊन उभी राहिली. तिने डावा हात पुढे केला.

नूतनने तो धरला. मनगट धरायचं असतं हे तिनेच शिकवलं होतं, आणि आता त्या मनगटावर तिच्या बोटांना हाडाचा तो उंचवटा लागला. लांबून दिसत होता त्याहून मोठा होता. तिची पकड आपोआप सैल झाली.

समोर मार्गासनीचा संघ होता. त्यांची मुख्य चढाईवाली उंचपुरी, दूध डेअरीवर कॅन उचलणारी बाई. तिने पहिल्याच चढाईत दोघींना स्पर्श केला आणि सावकाश चालत परत गेली. दुसऱ्या चढाईत ती डाव्या कोपऱ्याकडे आली, नूतन सरकली, रत्नाही सरकली, पण नूतनचा हात तिच्या मनगटावरून निसटला आणि साखळी तुटली. दोघीही बाद. दहा मिनिटांत अख्खा संघ बाद होऊन लोण चढलं. मध्यंतराला तेरा विरुद्ध सहा. त्या सहांतले पाच गुण एकट्या श्रावणीचे.

पाण्याचा जार मैदानाच्या कडेला ठेवला होता. नूतन पेला भरून उभी होती, तोच रत्ना जवळ आली.

"हात का सोडतीस?"

नूतनने पेला खाली ठेवला. "दुखंल म्हनून."

"दुखत न्हाई आता. थंडीत ठनकतंय थोडं, येवढंच."

"आक्का, त्या दिवशी म्या..." नूतन तिच्या मनगटाकडे बघत होती. मैदानात लाऊडस्पीकर वाजत होता, पोरं ओरडत होती. "बांधावर म्या जे बोलले, ते लागलं तुमच्या हाताला. मला ठावं हाय. रोज ठावं हाय."

रत्नाने कपाळाला हात लावला. "अगं येडी का खुळी तू? शेवाळावर पाय घसरला माझा. जुनी चप्पल घालून गेले व्हते. तुझ्या तोंडानं हाडं मोडत आसती तर अंगनवाडीतलं येक पोर धड ऱ्हायलं आसतं का? दिसभर वरडत आस्तीस त्यांच्यावर."

नूतनला हसू फुटलं आणि त्याच्याबरोबर रडूही. रत्नाने तिच्या दंडाला धरलं आणि आवाज खाली आणला.

"आनि भाकरी तुझ्या व्हत्या, ते का मला कळलं न्हाई? आत्यांच्या हाताला पीठ मळायचं बळ तरी ऱ्हायलंय का? पैल्याच दिवशी वळकली. कडंला पातळ आनि मदी फुगल्याली. वाडीत आशी भाकर दुसरी कुनाची हुतीया सांग. म्या दाराशी बसून वाट बगायची, आज ही सोता घिऊन येतीया का काय. तू आलीच न्हाईस."

"तुमी हाक का न्हाई मारली?"

"तू का न्हाई आलीस?" रत्ना म्हणाली.

शिट्टी वाजली. सुहासिनी मॅडम लांबून हात हलवत होत्या. रत्नाने चेहरा पदराने पुसला, नूतनचाही पुसला, आणि मैदानाकडे जाताना म्हणाली, "आता सोडलास तर बग."

दुसऱ्या डावात नूतनने ते मनगट वाकड्या हाडासकट मुठीत घेतलं. डेअरीवाली पुन्हा डावीकडे आली. तिला वाटलं होतं इथली साखळी कच्ची आहे. नूतन खाली वाकली आणि रत्ना न सांगता अर्ध्या पावलाने पुढे झाली. चढाईवाली क्षणभर रत्नाकडे बघते आहे तोवर नूतनचा हात तिच्या घोट्यावर होता. "धर गं! धर, नूतन!" रत्ना ओरडली आणि स्वतः तिच्या कमरेवर पडली. मागून सुहासिनी मॅडमही पडल्या, चष्म्यासकट. धुळीच्या लोटातून पंचांचा हात वर झाला तेव्हा कुठं नूतनने बोटं सोडली.

त्या एका पकडीने सगळ्यांच्याच अंगात काही तरी आलं. अश्विनी, जी तोवर चढाईवालीला बघून मागे मागे जात होती, तिने उजव्या कोपऱ्यात एक पाय पकडला आणि स्वतःच घाबरून किंचाळली, पण सोडला नाही. पिवळ्या साडीतली शेजारीण हिरव्या अश्विनीच्या मदतीला, चढाईवालीला धरून ठेवायला धावली. श्रावणीने एका चढाईत तिघींना बाद केलं. मार्गासनीवर लोण चढलं. शेवटची चढाई संपली तेव्हा फळ्यावर सरमिसळ बावीस आणि मार्गासनी एकवीस असं लिहिलेलं होतं. इंद्रजितचा आवाज माईकवर फाटला. फुलाबाई उठून उभी राहिली होती आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होती, "दोगी माज्याच सुना हाईत. ती बी आनि ती बी."

पुढचा सामना त्या हरल्या. समोर कॉलेजच्या पोरी होत्या, रोज सराव करणाऱ्या. एकतीस विरुद्ध नऊ असा सपाटून मार खाल्ला. नूतनचा गुडघा सुजला, मॅडमच्या चष्म्याची काडी तुटली. पण मैदानाच्या कडेला बसून सातही जणी एकाच डब्यातली पुरणपोळी खात होत्या. पोळ्या भोरहून आलेल्या होत्या, तूप वाडीचं होतं. सुहासिनी मॅडमनी सगळ्यांचे नंबर घेतले. "पुढच्या वर्षी पुन्हा हाच संघ हं," त्या म्हणाल्या. सगळ्या हो म्हणाल्या. टेम्पोत परत येताना हिरव्या पिवळ्या जागा मिळेल तशा बसल्या. रत्नाने नूतनचा सुजलेला पाय आपल्या मांडीवर घेतला आणि वाडी येईपर्यंत तसाच ठेवला.

कुंडलिक ओसरीवर बसला होता. नूतन लंगडत आली तसा तो उठला. बातमी तिच्या आधी पोचली होती.

"वहिनीशी बोललीस म्हनं."

"बोलले."

तो पायातल्या चपलेशी चाळा करत राहिला. मग खाली बघतच म्हणाला, "दादाचा खोकला कसा हाय, काय म्हनल्या का?"

"तुमीच इचारा की," नूतन म्हणाली. "भिंतीच्या पल्याड तर हायेत."

त्या दिवशी त्याने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी सकाळी तो अडुळशाचा पाला घेऊन बाहेर पडला आणि भिंतीला वळसा घालून गेला. नूतनने स्वयंपाकघरातून ऐकलं. हनुमंतचा खोकला ऐकू आला, मग "बस" एवढाच एक शब्द, आणि मग कपबशीचा आवाज.

सरमिसळ संघ पुन्हा कधी खेळला नाही. श्रावणी शिकायला पुण्याला गेली, शेजारणीची कंबर धरली. दोन्ही मंडळं मात्र आता रविवारी दुपारी अंगणवाडीच्या अंगणात येतात. नूतन शिकवते. हिरव्या एका बाजूला, पिवळ्या दुसऱ्या बाजूला, कारण मंडळं अजून दोनच आहेत आणि येत्या सामन्यांना दोन्हींचेही पुरे संघ उतरणार आहेत. परवाच्या रविवारी रत्ना आयुष्यात पहिल्यांदा चढाईला आली. सेहेचाळिसाव्या वर्षी, साडीचा काष्टा मारून, "कबड्डी कबड्डी" म्हणताना दम लागत होता आणि मधेच हसूही येत होतं, त्यामुळे दम कधीच तुटला होता. पंच कुणी नव्हतंच. ती सरळ नूतनच्या अंगावर चालून आली, तिच्या खांद्याला हात लावला आणि पळायचं विसरून तिथंच उभी राहिली.

"अवो आक्का, माघारी जायाचं आस्तंय!" अश्विनी ओरडली.

"जाते की," रत्ना धापा टाकत म्हणाली. "जरा टेकू तर दे."